नवरात्रात जमतं, मग एखाद्या रविवारी का नाही?

गेले तीन-चार वीकेंड इथे काही लिहिलं नाही. ऑफिसचं रिलीज वगैरे नेहमीची कारणं आहेतच, पण खरं कारण वेगळं आहे. डोकं तापलेलं होतं, आणि तापलेल्या डोक्याने लिहू नये असा माझा मलाच घालून घेतलेला नियम आहे. आता बऱ्यापैकी निवलंय.

तर झालं असं. थंडीतला एक रविवार, मी आणि माझी बारा वर्षांची लेक, गाडीच्या मागे दोन सायकली बांधून पहाटे नांदेडहून माहूरला गेलो. सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर अंतर. एवढं सायकलवर जायची माझी ऐपत नाही (कधीकाळी होती, असं मी घरी सांगतो, कोणी विश्वास ठेवत नाही). बेत साधाच होता. गाडी माहूर गावात लावायची, तिथून सायकलने रेणुकामातेच्या गडावर, आणि पायांत दम उरला तर पुढे दत्तशिखराकडे. ज्यांनी माहूर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, मराठवाडा म्हणजे सपाट काळी रानं असं जे चित्र डोक्यात असतं ते इथे पार पुसलं जातं. सागाची जंगलं, एकामागे एक डोंगर, खाली पैनगंगेचं वळण. पावसाळ्यानंतर तर ओळखू येत नाही की आपण आपल्याच जिल्ह्यात आहोत.

गडाच्या चढावर तिसऱ्या की चौथ्या वळणाला वरून एक जीप आली. समोरून चढणाऱ्या कारला जागा न देता ती सरळ आमच्या बाजूला घुसली. लेक डांबर सोडून खडीवर गेली, चाक घसरलं, पडली. गुडघा, कोपर आणि पुढची रिम. जीप थांबली नाही. लेक रडली नाही. कपडे झटकले आणि म्हणाली, "बाबा, आपण परत जाऊ या." एवढंच. आम्ही सायकली हातात धरून चालत खाली आलो. घरी आल्यावर तिच्या आईने मला काय काय सुनावलं ते इथे लिहीत नाही :)

त्या ड्रायव्हरला शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. पहिले दोन दिवस तेच केलं. पण नंतर वाटलं, तो नसता तर दुसरा असता. अरुंद घाटरस्ता, आंधळी वळणं, दर्शन करून दुपारच्या जेवणाला घरी पोचायची प्रत्येकाला घाई. या रस्त्यावर सायकल चालवणं म्हणजे रोज प्रॉडक्शन सर्व्हरवर टेस्टिंग करण्यासारखं आहे. एखाद्या दिवशी व्हायचं ते होणारच.

आता थोडं विषयांतर. पण पुढचं समजायला ते लागेल.

काही वर्षांपूर्वी मी सिएटलला प्रोजेक्टवर होतो. तिथून मे महिन्यात, एका लांब वीकेंडला, रात्रीच्या 'एम्पायर बिल्डर' रेल्वेने माँटाना राज्यातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कला गेलो. तिथे डोंगर फोडून काढलेला एक रस्ता आहे, गोइंग-टू-द-सन रोड. १९३३ मध्ये खुला झाला, लांबी साधारण ८० किलोमीटर, आणि सगळ्यात उंच ठिकाण लोगन पास दोन हजार मीटरच्या थोडं वर. हिवाळ्यात सगळा बर्फाखाली जातो. एप्रिलपासून यंत्रं बर्फ काढायला लागतात, पण पूर्ण रस्ता मोटारींना खुला व्हायला जूनअखेर, कधी जुलैही उजाडतो. मधल्या काळात रस्ता खालून वर हळूहळू मोकळा होत जातो, आणि मोटारींसाठी मात्र गेट बंदच असतं.

गंमत इथे आहे. त्या बंद गेटच्या बाजूने सायकलवाल्यांना आणि चालणाऱ्यांना जाऊ देतात. मी गेलो तेव्हा मोटारी अ‍ॅव्हलांच नावाच्या ठिकाणी थांबत होत्या. तिथून 'द लूप' नावाचं एक मोठं वळण आहे, तेरा किलोमीटरच्या आसपास. तिथपर्यंत मी भाड्याच्या सायकलने गेलो. पुढे यंत्रांचं काम आणि बर्फ कोसळायची भीती, म्हणून तेवढ्यावरच समाधान मानलं. माझ्या पुढे एक आजी-आजोबा, मागे एक बाई, तिच्या सायकलच्या मागे छोटी गाडी आणि त्यात झोपलेलं पोर. इंजिनाचा आवाज नाही. कड्यावरून वितळणाऱ्या बर्फाचं पाणी गळतं त्याचा आवाज, आणि स्वतःची धाप. मी धापा टाकत वर गेलो आणि खाली येताना ब्रेक दाबून बोटं दुखली, पण एकदाही मान वळवून मागे बघायला लागलं नाही. नांदेडच्या माणसाला या वाक्याचा अर्थ लगेच कळेल. आपण सायकल पुढे बघून कमी आणि मागे कान लावून जास्त चालवतो.

त्या रस्त्यावर सायकलसाठी म्हणून काहीही बांधलेलं नव्हतं, ही गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. ट्रॅक नाही, रंगवलेले पट्टे नाहीत, उद्घाटनाची कोनशिला नाही. रस्ता मोटारींचाच. फक्त काही आठवडे गेट कोणासाठी उघडायचं आणि कोणासाठी नाही, एवढं ठरवलेलं. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड तोच, नुसतं कॉन्फिगरेशन बदललं. नवीन रिलीज लागत नाही, बजेट लागत नाही.

"अहो ते अमेरिकेत, आपल्याकडे कुठलं" हे वाक्य आता तुमच्या ओठांवर आलं असेल. मलाही हेच वाटायचं. पण जरा आठवा. नवरात्रात माहूरला काय होतं? खासगी गाड्या खाली गावात थांबवतात, आणि एसटी भाविकांना गडावर ने-आण करते. लाखो लोक येतात, म्हातारीकोतारी, लेकुरवाळ्या, सगळे एसटीने वर जातात आणि दर्शन करून येतात. कोणी म्हणत नाही की हा आमच्या गाडीवर अन्याय झाला. श्रावणातल्या पौर्णिमेला माहूरची परिक्रमा असते, तेव्हा तर लोक डोंगर-जंगलातून पायी फिरतात. म्हणजे याच रस्त्यावर, आपल्याच प्रशासनाने, आपल्याच लोकांच्या संमतीने हे कॉन्फिगरेशन वर्षानुवर्षं चालवून दाखवलंय. गर्दी प्रचंड असताना जर जमतं, तर थंडीतल्या एखाद्या रविवारी सकाळी तीन तास का जमू नये?

माझी मागणी तेवढीच आहे. ऑगस्ट ते फेब्रुवारी या दिवसांत महिन्यातून एक रविवार, साडेसहा ते साडेनऊ, माहूर गाव ते गड खासगी मोटारी बंद. एसटी चालू, रुग्णवाहिका चालू, वर राहणाऱ्यांच्या गाड्या चालू. उन्हाळ्याचं मी बोलतच नाही, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे सकाळी नऊला सायकल चालवणारा माणूस आधी डॉक्टरांना दाखवावा.

आक्षेप आहेत, आणि सगळे फालतू नाहीत. सगळ्यात खरा आक्षेप पोटाचा. गावातून वर भाविक नेणारे रिक्षावाले, जीपवाले, त्यांचा रविवार म्हणजे आठवड्याची कमाई. माथेरानमध्ये मोटारी दस्तुरी नाक्याच्या पुढे जात नाहीत, पण तिथेही २०२२ च्या डिसेंबरात ई-रिक्षा सुरू झाल्या तेव्हा घोडेवाल्यांनी विरोध केलाच. तो विरोध मला समजतो. ज्याचं घर त्या घोड्यावर चालतं त्याला पर्यावरणाचं व्याख्यान देऊन काय उपयोग? म्हणून मी तीन तासच म्हणतोय, आणि तेही सकाळचे, जेव्हा गर्दी अजून चढलेली नसते. तरीही एखाद्या रिक्षावाल्याच्या दोन फेऱ्या बुडतील. याला माझ्याकडे गोड उत्तर नाही.

दुसरा आक्षेप, जंगल आहे, वाघ आहेत. खरंय. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला तो प्रसिद्ध तरुण वाघ तेराशेच्या आसपास किलोमीटर फिरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, आणि वाटेत आपला नांदेड जिल्हाही त्याने तुडवला. म्हणूनच पैनगंगा अभयारण्याच्या आतल्या रस्त्यांवर सायकली सोडा असं मी म्हणत नाही. तिथे जनावरांचा हक्क पहिला. कर्नाटकात बंदीपूरच्या जंगलातून जाणारा महामार्ग २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो, त्यांच्यासाठीच. गडाचा रस्ता मात्र दिवसभर माणसांचा आहे. तिथे सायकलीने जनावर बिचकेल आणि जीपच्या हॉर्नने नाही, हे मला पटत नाही.

आमच्याच सायकल ग्रुपमधल्या मित्रांशी मात्र माझं खरं भांडण झालं. त्यांना कल्पना आवडली, आणि पाच मिनिटांत टी-शर्ट, मेडल, स्पॉन्सर, स्टेजवर डीजे एवढं सगळं ठरलं. अरे बाबांनो, मोटारींचा आवाज घालवून डीजे आणायचा असेल तर मोटारीच बऱ्या. माहूरला गेलात तर मंदिराजवळच्या दुकानांत तांबूल कुटतात तो आवाज ऐका. लोखंडी खलात विडा कुटायचा ठक ठक ठक, वळणाच्या खालून ऐकू येईल असा. आम्ही पडलो त्याच्या मागच्या वारीला मी एकटाच वर गेलो होतो. एका दुकानातल्या मावशी माझ्या सायकलकडे बघून म्हणाल्या, "सायेब, इतकी गाडी हाय तुमच्यापाशी, मग सायकलीवर कशाला यायलाव?" मी म्हणालो, मजा येते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी निमूट तांबूल घेतला.

त्यांचंही बरोबर आहे म्हणा. त्या भागात सायकल ही मजा नाही. किनवट-माहूरच्या तांड्या-पाड्यांवरून शाळेत जाणाऱ्या पोरी रोज सायकल चालवतात. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या, त्यातल्या कित्येक अशाच रस्त्यांवर ट्रक आणि जीपच्या मधून जातात. माझी लेक एकदा पडली आणि मी एवढा लेख लिहितोय. त्या पोरी पडतात तेव्हा कोण लिहितं? खरं तर शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळेला त्या रस्त्यांवर वेग आवरला, तर माझ्या रविवारपेक्षा ते कितीतरी मोठं काम होईल. पहिल्या मसुद्यात हा मुद्दा नव्हताच. आता अर्जात तो पहिला घातलाय आणि माझी सकाळ दुसऱ्या नंबरवर.

अर्जाची एक प्रत तहसीलला, एक नगरपंचायतीला, एक वन विभागाला. पुढच्या सोमवारी सुट्टी टाकलीय, स्वतः जाऊन पोच घेणार, कारण नुसत्या मेलचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

लेकीच्या सायकलची रिम सरळ करून आणलीय. सायकल अजून व्हरांड्यातच उभी आहे.