जीएनएम की बी.एस्सी.? वर्षे नीट मोजा



रुग्णवाहिकेवरील तंत्रज्ञांना नर्सिंगकडे वळायचे असेल तर त्यांनी सरळ जीएनएम करावे, असा सल्ला आपल्या करिअर पुरवणीत वाचला. कारण एकच दिले आहे: जीएनएमची पदविका तीन वर्षांत संपते, बी.एस्सी. पदवीला चार लागतात. हा हिशेब अर्धाच आहे. मी परिचर्या महाविद्यालयात शिकवते आणि खासगी कार्डियाक रुग्णवाहिकांवर राबून आलेली मुले माझ्या वर्गात असतात, म्हणून उरलेला अर्धा मांडते.

एम्सच्या नॉरसेट या नर्सिंग भरती परीक्षेचे निकष पाहा. बी.एस्सी. नर्सिंग झालेल्याला नोंदणी होताच अर्ज करता येतो. जीएनएमवाल्याला त्याआधी किमान ५० खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षांचा अनुभव घ्यावा लागतो, आणि तोही पदविकेनंतरचा. सायरन वाजवत काढलेली वर्षे इथे शून्य. तीन अधिक दोन, म्हणजे पाच. पद मात्र दोघांचे एकच, नर्सिंग ऑफिसर, सातव्या वेतन आयोगाचा स्तर ७, मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून. नोकरीऐवजी पुढे पदवी घ्यावीशी वाटली, तर पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची आणखी दोन वर्षे. पुन्हा पाचच.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ही मुले येतात ती आयसीयू आणि कॅज्युअल्टीच्या ओढीने. भारतीय परिचर्या परिषदेचा ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम त्यांच्यासाठीच आखल्यासारखा आहे, पण त्याचे दार बी.एस्सी.शिवाय आणि वर्षभराच्या अनुभवाशिवाय उघडत नाही. एम.एस्सी.लाही पदवीच लागते. जीएनएमनंतर आपत्कालीन परिचर्येची एक वर्षाची पदविका करता येते हे खरे, पण तिथून पुढे चढायचे तर पोस्ट बेसिक करावीच लागते.

पहिल्या वर्षी या मुलांची चिडचिड होते, तेही सांगायला हवे. सीपीआर देता येतो, धावत्या गाडीत सलाइन लावता येते आणि इथे महिनाभर बिछाना घालायला शिकायचे! पण रुग्णवाहिकेतला रुग्ण तासाभरात दुसऱ्याच्या हवाली होतो. वॉर्डातला आठवडाभर तुमचाच असतो; त्याचे बेडसोअर, इनटेक-आउटपुट, रात्रीची औषधे, सकाळचा हँडओव्हर, सगळे तुमच्याच माथी. ते शिकणे जीएनएममध्येही टळत नाही.

बारावी कला किंवा वाणिज्य शाखेतून झाली असेल तर प्रश्नच मिटला. पदवीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात मिळून ४५ टक्के लागतात, इंग्रजीत उत्तीर्ण व्हावे लागते, वर सीईटी, आणि दहा वर्षांनी जीवशास्त्राचे पुस्तक उघडणे सोपे नसते. अशांनी जीएनएमच करावे. घरात मिळवते हात दुसरे नसतील, त्यांनाही मी पदवीचा आग्रह धरणार नाही. पण पंचविशीतला, विज्ञान शाखेचा मुलगा केवळ ‘लवकर मोकळा होशील’ या भरवशावर पदविकेला जातो, तेव्हा त्याची दिशाभूल झालेली असते.

आणखी एक गोष्ट पुरवणीत कुठेच नव्हती. एम्सच्या भरतीत ८० टक्के जागा महिलांसाठी आहेत, आणि रुग्णवाहिकेवरून येणारे बहुतेक पुरुष असतात. त्यांच्यापुढचे दार आधीच अरुंद आहे. त्यात दोन्ही अभ्यासक्रमांच्या प्रवेशाला ३५ वर्षांची कमाल मर्यादा. पुढच्या अंकात निदान बारावीची शाखा, वयोमर्यादा आणि हे ८०:२० प्रमाण यांचा तक्ता छापावा, ही विनंती.

– एक परिचर्या शिक्षिका, मिरज