कपाट बंद, रिमोट चालू



दसरा सरला की आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कापसाची वेचणी जोर धरते. बरा भाव मिळेपर्यंत कापूस ठेवायचा कुठे? गोदाम थोड्यांकडेच असते. बाकीच्यांच्या घरातली एखादी खोली आढ्यापर्यंत भरते आणि घरभर पांढरे तंतू उडू लागतात. त्यात मक्याचे भुसकट, चुलीची राख आणि रस्त्याची धूळ. हे सारे टीव्हीखालच्या सेट टॉप बॉक्सवर जाऊन बसते. बॉक्सला हवा खेळण्यासाठी बारीक भोके असतात. ती बुजली की बॉक्स तापतो. तापलेल्या वस्तूजवळ कापसाचे तंतू साचणे किती वाईट, हे कापूस पिकवणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

म्हणून काही घरांत सुताराकडून भिंतीतल्या फडताळाला दार बसवून घेतात आणि बॉक्स आत बंद करतात. धूळ थांबते, लेकरांचे हातही थांबतात. पण लगेच दुसरी कटकट उभी राहते. रिमोट चालत नाही. बाजेवर बसलेले आजोबा बातम्यांसाठी बटण दाबत राहतात आणि शेवटी सुनेला हाक मारतात. सून तव्यावरची भाकरी सोडून दार उघडायला येते. चार दिवसांत ते दार कायमचे उघडेच राहते. सुताराची मजुरी गेली ती गेलीच, धूळही पुन्हा आत आली.

यावर उपाय आहे. पण आधी रिमोटचे काम कसे चालते ते समजून घेऊ.

रिमोटच्या तोंडाशी एक चिमुकला दिवा असतो. त्याचा उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही. त्याला अवरक्त किरण म्हणतात. इंग्लंडमध्ये १८०० साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने लोलकातून उन्हाचे रंग पाडले आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते, तिथे तापमापक ठेवला. पारा चढला! न दिसणारे किरण आहेत हे तेव्हा कळले. आज तेच किरण आपण बटणावर नाचवतो. बटण दाबले की तो दिवा सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकतो आणि प्रत्येक बटणाची खूण वेगळी असते. बॉक्सचा डोळा ती खूण ओळखतो.

आता ध्यानात घ्या, हा अखेर उजेडच आहे. तो लाकडातून जात नाही, विटेतून जात नाही. काचेतून जातो, पातळ कापडातून थोडाफार जातो आणि चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर आपटून परतही येतो. म्हणून पैसे खर्च करण्याआधी एक गोष्ट करून पाहा. दाराची मधली फळी काढून तिथे काच बसवता येईल का? सुताराकडचा काचेचा तुकडा बॉक्सपुढे धरा आणि रिमोट दाबा. चालला तर प्रश्न तिथेच मिटला.

लाकडी दारच हवे असेल तर ‘रिमोट एक्स्टेंडर’ नावाचा छोटा संच मिळतो. शहरात पैठण गेटकडे बाजाराला गेलात तर इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानात विचारा. मागवूनही मिळतो. त्याचे तीन भाग असतात. पहिला डोळा. तो कपाटाबाहेर, चौकटीवर चिकटवायचा. दुसरी लहान डबी. ती आत राहते आणि डोळ्याने टिपलेली खूण पुढे पाठवते. तिसरा भाग म्हणजे बारीक वायरीच्या टोकाचा दिवा. तो बॉक्सच्या डोळ्यासमोर चिकटवायचा. बाहेरच्या डोळ्याने पाहिलेले आतला दिवा जसेच्या तसे पुन्हा लुकलुकून दाखवतो. निरोप्याचेच काम म्हणा ना!

बसवताना एवढे सांभाळा.

बॉक्सचा डोळा कुठे आहे ते आधी शोधा. रिमोट दाबत राहा आणि बॉक्सच्या पुढच्या बाजूवर बोट सरकवत न्या. ज्या जागी बोट आल्यावर रिमोट थांबतो, तिथे डोळा. दिवा आधी साध्या चिकटपट्टीने लावून पाहा, जमल्यावरच पक्का करा.

आतल्या दिव्याचा उजेड बाहेरच्या डोळ्यावर पडू देऊ नका. पडला तर तीच खूण गोल गोल फिरत राहते आणि सारे गोंधळते. दिव्यावरून काळी चिकटपट्टी मारली की झाले. बाहेरच्या डोळ्यावर थेट ऊनही पडू नये.

अशा संचाला बहुधा मोबाइलच्या चार्जरएवढीच वीज लागते. तो टीव्हीच्या मागच्या यूएसबी खाचेत लावला तर टीव्ही बंद होताच पुष्कळदा संचही बंद पडतो. म्हणून वेगळ्या चार्जरवर चालवलेला बरा.

आणखी एक. नव्या स्मार्ट टीव्हीचे काही रिमोट किरणांवर चालत नाहीत, ब्लूटूथवर चालतात. त्यांना हा संच लागत नाही. ओळखायचे कसे? मोबाइलचा पुढचा कॅमेरा उघडा, त्याच्यासमोर रिमोट धरून बटण दाबा. पडद्यावर दिवा लुकलुकताना दिसला तर तो किरणांचा रिमोट. दोन-चार बटणे तपासा, कारण काही रिमोटांत चालू-बंदचे बटण तेवढे किरणांवर असते. साधा रिमोट बंद पडला तरी हीच परीक्षा करा. दिवा दिसलाच नाही तर आधी सेल बदला, बॉक्सला दोष देऊ नका.

आता सर्वांत महत्त्वाचे. रिमोट चालू झाला म्हणजे काम संपले असे समजू नका. रिमोटने बंद केला तरी बॉक्स पूर्ण बंद होत नाही, आतून कोमट राहतो. बंद कपाटात ती ऊब साठते. म्हणून कपाटाला खाली आणि वर अशी दोन्हीकडे भोके पाडा. गार हवा खालून येईल, गरम हवा वरून जाईल. भोकांना बारीक जाळी ठोका, म्हणजे उंदीर शिरून वायरी कुरतडणार नाहीत. बॉक्सच्या चारही बाजूंना चार बोटे जागा सोडा. त्यावर कापड, वह्या, पाकिटे रचू नका. कापूस त्या खोलीत शक्यतो भरूच नका. आठवड्यातून एकदा पिन काढून कोरड्या फडक्याने धूळ पुसा. रानात जाताना बोर्डाचे बटण बंद करा. वीज कडाडण्याची चिन्हे दिसताच पिनेबरोबर छत्रीची वायरही काढून ठेवा. वीज डोक्यावर कडाडू लागल्यावर मात्र वायरीला हात लावू नका.

आपल्या जिल्ह्याला ही विद्या परकी नाही. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनच्या कारखान्यात टीव्ही तयार होत असत. ती कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. पण कारखाना थांबला म्हणून हातातली कला जात नाही. असे काम केलेला कोणी जाणकार तुमच्या गावात असेल, तर त्याला चहाला बोलवा आणि जोडणी त्याच्या नजरेखाली करा. घरातल्या शाळकरी मुलामुलींनाही शेजारी बसवा. न दिसणारा उजेड कसा काम करतो, हे त्यांना पुस्तकापेक्षा लवकर कळेल.

कपाटाचे दार धुळीला बंद असावे, पण हवेला आणि किरणांना वाट हवी. एवढे जमले की आजोबांच्या बातम्या वेळेवर लागतील आणि सुनेची भाकरी करपणार नाही. कापूस घरात असेपर्यंत रात्रीची झोपही निर्धास्त लागेल.