पुन्हां पुन्हां उठणारा खलनायक

भयकथेची हौस मनुष्यास आजची नाहीं. आजीच्या कुशींत शिरून “मग पुढें काय झालें?” असें विचारणारें मूल आणि पांघरुणाखालीं मोबाईल धरून रक्तपाताच्या चित्रपटाचा पांचवा भाग पाहणारा आमचा नववीचा विद्यार्थी, या दोघांची भूक मुळांत एकच आहे. म्हणून या विषयावर लिहितांना कोणाचा कान उपटण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु भूक तीच असली तरी ताटांत काय वाढलें आहे हें पाहणें आम्हां शिक्षकांचें व पालकांचें काम आहे. आणि एकच पदार्थ दहा दहा वेळां वाढला जात असूनही मुलें पान सोडून उठत नाहींत, याचें कारण काय, हेंही पाहिलें पाहिजे.

मधल्या सुट्टींत आमच्या कानीं वारंवार पडणारें एक नांव म्हणजे ‘सॉ’, अर्थात् करवत. या मालिकेचा पहिला चित्रपट 2004 सालीं निघाला. सुमारें 12 लाख डॉलर खर्च आणि अवघ्या 18 दिवसांचें चित्रण, एवढ्या भांडवलावर त्यानें जगभर 10 कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमविला. मग काय विचारतां! 2010 पर्यंत दर वर्षीं एक याप्रमाणें सात भाग झाले, आणि 2023 सालीं दहावा आला. मौज अशी कीं, या मालिकेंतील मुख्य खुनी तिसऱ्याच भागांत मरतो. परंतु ज्याच्या नांवावर गल्ला भरतो त्याला मरण्याची मुभा नसते. दहाव्या भागाची कथा पहिल्या व दुसऱ्या भागांच्या मध्यें नेऊन बसविली, आणि मेलेला गृहस्थ पुन्हां हिंडूंफिरूं लागला. त्याहून जुनी ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ ही मालिका 1980 सालीं सुरू झाली. तिच्या 1984 सालच्या चौथ्या भागास ‘शेवटचा अध्याय’ असें नांव दिलें होतें, आणि लगेच 1985 सालीं पांचवा भाग निघाला, त्याचें नांव ‘नवा आरंभ’! आमच्या बाजारांतील ‘आज रोख, उद्यां उधार’ ही पाटी याहून अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल.

निर्मात्यांचा हिशेब सरळ आहे. नामांकित नट नको, थोर कथा नको; जुनें नांव हीच जाहिरात. खरा प्रश्न आहे तो प्रेक्षकांचा. त्याचें उत्तर शोधण्यास आम्हां हिंगोलीकरांस दूर जावयास नको. येथील दसरा महोत्सवास दीडशेंहून अधिक वर्षांची परंपरा आहे. रामलीला मैदानावर दर वर्षीं रावणाचा पुतळा उभा राहतो, जळतो, आणि पुढच्या वर्षीं पुन्हां उभा असतो. त्याचें काय होणार हें ठाऊक नसलेला एकही मनुष्य त्या गर्दींत नसतो, तरी गर्दी होतेच. ओळखीचा खलनायक ओळखीच्या ठिकाणीं भेटावा यांत माणसास गोडी वाटते. वेताळाची गोष्टही तीच. अकराव्या शतकांतील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’ंत वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. राजानें प्रेत खांद्यावर घ्यावें, वेताळानें गोष्ट सांगावी, राजानें मौन मोडावें, आणि वेताळ पुन्हां झाडावर! स्मशान, काळोख, प्रेत, सर्व साहित्य तेथें हजर आहे. परंतु प्रत्येक गोष्टीच्या शेवटीं वेताळ न्यायाचा प्रश्न विचारतो, दोष कोणाचा, श्रेष्ठ कोण. आणि राजाबरोबर ऐकणाऱ्या मुलाचेंही डोकें चालूं लागतें. आमच्या वडिलांच्या पिढीनें बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड असेच पुस्तकामागून पुस्तक वाचले. तेव्हां पुनरावृत्ति हा दोष नव्हे, हें आम्ही आधींच कबूल करितों.

दोष कोठें आहे तें आम्हांस वर्गांत उमगलें. नववीच्या मुलांस आम्हीं एकदां सहज विचारून पाहिलें. करवतीच्या मालिकेंतील खुन्याचें नांव, त्याचीं यंत्रें, भागांचे क्रमांक, सर्व उत्तरें तत्काळ आलीं. मग विचारलें कीं, त्यांत जीं माणसें मेलीं त्यांचीं नांवें काय? घरीं त्यांची वाट पाहणारें कोणी होतें काय? वर्ग शांत झाला. थोड्या वेळानें एक मुलगी म्हणाली, “सर, तीं माणसें मरण्यासाठींच असतात.” तिनें तें निर्दयपणें म्हटलें नव्हतें; खेळाचा नियम सांगावा तसें सांगितलें होतें. रामलीलेंत जटायु पडतो तेव्हां मैदानावरील म्हातारी माणसें आजही हळहळतात. येथें मात्र हळहळण्यास कोणी उरलेंच नाहीं.

याच्या शेजारीं आपल्या मराठींतील एक चित्रपट ठेवून पाहावा. 1988 सालीं अमेरिकेंत ‘चाइल्ड्स प्ले’ निघाला; खुन्याचा आत्मा बाहुल्यांत शिरतो अशी त्याची कल्पना. 1993 सालीं महेश कोठारे यांनीं तीच कल्पना ‘झपाटलेला’ या नांवानें मराठींत आणली. दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू, रामदास पाध्ये यांचा बाहुला, आणि त्याच्या तावडींत सांपडलेला लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या! ज्यांचा जन्मही तेव्हां झाला नव्हता तीं आमचीं मुलें आज तात्या विंचवाची नक्कल स्नेहसंमेलनांत करितात. अमेरिकन बाहुल्याच्या मालिकेचे 2017 पर्यंत सात चित्रपट झाले, आणि रक्त भागागणिक वाढत गेलें. ‘झपाटलेला’ इतकीं वर्षें टिकला तो रक्तावर टिकला नाहीं. लक्ष्या वांचावा असें आपणांस वाटतें, त्याची फजिती पाहून हंसूं येतें, आणि हंसतां हंसतां पोटांत गोळा उठतो. 2013 सालीं दुसरा भाग आला तेव्हां बाहुला होता, तंत्र तर अधिक भारी, त्रिमिति होतें. परंतु बेर्डे 2004 सालींच निवर्तले होते. आमच्या मतें त्या भागांत उणीव भासली ती त्यांचीच. मालिकेस आयुष्य मारणारा देतो असें निर्माते समजतात. आमचा अनुभव असा कीं, जो वांचावा असें वाटतें तोच तें देतो.

मुलें म्हणतात, “सर, तें रक्त नसतें, रंग असतो.” बरोबर आहे. रंग खोटा आहे, परंतु पाहणारे डोळे खरे आहेत. तेंच तेंच दृश्य पाहून मनाचा धक्का बोथट होतो. म्हणून पुढील भागांत अधिक क्रूर युक्ति लागते, आणि ‘हा वांचेल काय?’ हा प्रश्न जाऊन ‘हा कसा मरेल?’ हा प्रश्न त्याच्या जागीं बसतो. रस्त्यावर अपघात झाला असतां हात पुढें होण्याआधीं मोबाईल पुढें होतात, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. त्याचा दोष एकट्या चित्रपटांवर घालणें अन्यायाचें होईल, कारण तेथें मोबाईल उंच धरणारे बहुधा मोठीं माणसेंच असतात. परंतु दहा भाग पाहून तयार झालेली नजर त्या गर्दींत उभी राहिली तर ती काय शोधील, याची चिंता आम्हांस वाटते.

पालकांस एकच गोष्ट सांगावयाची आहे. ‘ए’ प्रमाणपत्राचा चित्रपट अठरा वर्षें पूर्ण झालेल्यांसाठीं असतो, आणि चित्रपटगृहाच्या दारांत तें विचारणारा मनुष्य असतो. घरांतील मोबाईलला असा द्वारपाल नाहीं. तें काम आपणांस करावें लागेल. तथापि मोबाईल हिसकावून घेतल्यानें मूल पुढचा भाग मित्राच्या मोबाईलवर पाहील, एवढेंच. त्यापेक्षां दिवाळीच्या सुट्टींत एका रात्रीं सर्वांनीं मिळून ‘झपाटलेला’ पाहावा. मुलगा म्हणेल, “यांत भिण्यासारखें काय आहे?” तेव्हां त्याला विचारावें, तुला भीति कशाची वाटते? आणि तो जें सांगेल तें मध्यें न बोलतां ऐकून घ्यावें.