कारवारला जाऊन या

मुलाबाळांना घेऊन समुद्र पाहायचा म्हटले की बेळगाव-निपाणीची मंडळी गोव्याची वाट धरतात. मला विचाराल तर कारवार बरे. एका बाजूला काळी नदीचे मुख आणि सदाशिवगड, समोर बेटे. लाटांचा जोर कमी. (पावसाळ्यात मात्र पाण्यात उतरू नये.) किनाऱ्याला रवींद्रनाथ टागोरांचे नाव आहे. थोरले बंधू सत्येंद्रनाथ इथे न्यायाधीश असताना तरुण रवींद्रनाथांनी 'प्रकृतीर प्रतिशोध' हे नाटक इथेच लिहिले. मुलांना काय, वाळूवरची 'चपल' युद्धनौकाच अधिक आवडते!

महाराष्ट्राने कारवारवरही हक्क सांगितला होता. १९६७ च्या महाजन अहवालाने निपाणी महाराष्ट्राला सुचवली, कारवार नाही. आमच्याकडे हा विषय निघाला की जेवणाची चव जाते. आई पक्की मराठी, सौ.चे माहेर कन्नड. किनाऱ्यावर चुरमुरेवाली सासूबाईंशी कन्नडमध्ये, आईशी मराठीत आणि आपल्या मुलीशी कोकणीत बोलत होती. धाकट्याने विचारले, "बाबा, मावशी कुठल्या बाजूची?" मी उत्तर शोधत राहिलो. दोन्ही आज्या मात्र एक होऊन तिच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करत होत्या.