खून की सदोष मनुष्यवध?

मैत्रिणींनो, भांडणात माणूस दगावला की आमच्या साखरशेतात लगेच म्हणतात, 'आता फाशीच!' पण कायदा वेळ पाहतो, हेतू पाहतो.

नानावटी खटला ऐकून असालच. २७ एप्रिल १९५९ ला नौदल अधिकारी नानावटींनी मुंबईत पत्नीच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, गोळ्या घातल्या. बचाव असा, की गोळ्या झटापटीत सुटल्या. ते न पटलं तरी अचानक संताप अनावर झाला, म्हणून हा खून नव्हे, सदोष मनुष्यवध. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं. लोकांनी तर डोक्यावर घेतलं! (मला नाही बाई ते पटत.) हायकोर्टाने जन्मठेप दिली, १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. दीडला घर सोडलं, बायकोमुलांना सिनेमाला पोचवलं, जहाजावरून रिव्हॉल्व्हर आणलं, चार वीसला गोळ्या. एवढ्या वेळात राग निवायला हवा होता, असं कोर्टाचं म्हणणं.

१ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत खुनाला कलम १०३, सदोष मनुष्यवधाला १०५. जिवावर किंवा अब्रूवर बेतलेलं असताना बाईच्या हातून हल्लेखोर मेला, तर स्वसंरक्षणाचा बचावही आहे. मात्र गरजेपुरताच मार हवा.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात पुरावा ठरत नाही. अटकेनंतर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेलंच पाहिजे. आणि वकिलासाठी दागिने मोडू नका. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना आणि आदिवासींना, मिळकत कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विचारा, नाहीतर १५१०० ला फोन करा.