आधी विवाह, मग पंगत

विवाह एके ठिकाणी उरकावयाचा आणि स्वागतसमारंभ मात्र दुसऱ्या दिवशी, दुसऱ्याच ठिकाणी करावयाचा, ही चाल आमच्या सोलापुरास आता अपरिचित राहिलेली नाही. नोकरीनिमित्त पुण्यामुंबईस राहणारी येथील मुलेमुली तिकडेच कचेरीत विवाह करितात आणि आईबापांच्या समाधानासाठी गावी येऊन इष्टमित्रांस एक वेळ जेवू घालतात. मांडव आहे, पण अंतरपाट नाही. पंगत आहे, पण मंगलाष्टके नाहीत. हे पाहून जुनी मंडळी 'हे कसले लग्न?' म्हणून नाक मुरडतात. आम्ही या चालीचे स्वागतच करितो. तथापि वडील मंडळींचा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. तो जितका रूढीचा तितकाच कायद्याचाही आहे, आणि मुलीच्या बापाने पाहुण्यांची यादी करण्यापूर्वी त्याचे उत्तर मिळविले पाहिजे.

'कचेरीत सही झाली की लग्न झाले' हा समज सर्वत्र पसरला आहे व तो अर्धाच खरा आहे. आपल्याकडे या बाबतीत दोन निरनिराळे कायदे आहेत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या ७ व्या कलमाप्रमाणे वधू किंवा वर यांपैकी एकाच्या रूढीस धरून विधी झाला, तरच विवाह होतो. त्या कायद्याखालील नोंदणी ही झालेल्या विवाहाचा पुरावा होय. न झालेला विवाह ती घडवून आणू शकत नाही. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. नागरत्ना व न्या. मसीह यांच्यापुढे असेच एक प्रकरण आले. उभयतांनी कोणताही विधी न करिता एका संस्थेचे प्रमाणपत्र मिळविले व त्याच्या आधारे सरकारी नोंदणी करून घेतली होती. न्यायालयाने तो विवाहच नव्हे असे ठरविले, आणि विवाह हा केवळ नाचगाण्याचा व खाण्यापिण्याचा प्रसंग नव्हे, असेही बजाविले.

याचा चटका कोणास बसतो हे पाहावयाचे असेल, तर आमच्याच राज्यातील भाऊराव लोखंडे यांचा १९६५ चा खटला वाचावा. पहिली पत्नी हयात असता दुसरे लग्न केल्याचा आरोप त्यांच्यावर होता. दुसऱ्या लग्नात कायद्यास लागणारे विधी झाल्याचे शाबीत झाले नाही, म्हणून ते लग्नच नव्हे असे ठरले व आरोपी निर्दोष सुटला. विधीत उणीव राहिली आणि तिचा लाभ पुरुषास मिळाला. पहिलीस न्याय नाही आणि दुसरीस पत्नीपद नाही. ज्या घरी विधी नाही, योग्य कायद्याखाली विवाह नाही आणि केवळ पाचशे पानांची पंगत उठली आहे, त्या घरची मुलगी उद्या पोटगी किंवा वारसा मागू लागली, तर तिच्या हाती छायाचित्रांखेरीज काय राहणार?

ज्यांस विधी नको असेल त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. वधूवरांपैकी एकजण निदान तीस दिवस ज्या जिल्ह्यात राहिला असेल, तेथील विवाह अधिकाऱ्यास नोटीस द्यावी. हरकतीसाठी तीस दिवसांची मुदत जाते. हरकत आलीच तर चौकशीस आणखी तीस दिवसांपर्यंत लागू शकतात. नंतर अधिकारी व तीन साक्षीदार यांच्यासमक्ष उभयतांनी एकमेकांचा पती-पत्नी म्हणून स्वीकार केल्याचे शब्द उच्चारावयाचे व सह्या करावयाच्या, की विवाह पूर्ण झाला. दाखला हा त्याचा निर्णायक पुरावा होय. नोटिशीपासून तीन महिन्यांत हे झाले नाही, तर नोटीस पुनः द्यावी लागते. म्हणून स्वागताची तारीख या मुदतींचा हिशेब करून धरावी आणि दाखला हाती आल्यावाचून पत्रिका छापखान्यात धाडू नये. या कायद्याने लग्न केल्यास मुलगा एकत्र कुटुंबातून तुटतो, ही भीतीही वधूवर दोघेही हिंदू असल्यास १९७६ च्या दुरुस्तीनंतर निराधार आहे.

हा मार्ग परका आहे, असेही कोणी म्हणू नये. १८७२ च्या कायद्याने विवाह करणाऱ्यास आपण हिंदू नाही, मुसलमान नाही, असे लिहून द्यावे लागे; १९५४ च्या कायद्याने ती नामुष्की संपविली. जोतीराव फुले यांनी तर १८७३ च्या डिसेंबरातच भटजीवाचून सत्यशोधक विवाह लावून दाखविला होता. आणि सोलापूरकरांस कोणी निराळे सांगावयास हवे काय? १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा व जगन्नाथ शिंदे हे चौघे एकाच दिवशी फासावर गेले. ज्या नगराने मरणात जातिधर्माचा भेद पाहिला नाही, त्याने सर्व धर्मांस सारखा खुला असलेल्या विवाहाचा संकोच का मानावा?

अक्षतांचा आग्रह धरणाऱ्या आजीबाईंस आम्ही संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेची आठवण देतो. श्रीसिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लागतो, तेव्हा संमती कट्ट्याभोवती जमलेले लाखो लोक उभ्या जागी अक्षता टाकितात. तेथे कोणास पत्रिका गेलेली नसते व आहेराची वहीही नसते. लोक साक्षीस येतात व आशीर्वाद देऊन जातात. स्वागतसमारंभाचा अर्थ याहून निराळा नसावा. आजीबाईंस अक्षता टाकावयाच्याच असतील, तर त्यांनी स्वागताच्या वेळी खुशाल टाकाव्या. त्याने दाखल्यास बाध येत नाही.

आता खर्चाविषयी. विधीचा खर्च वाचला म्हणून तो स्वागताच्या झगमगाटात घालणे म्हणजे एका सावकाराच्या दारातून निघून दुसऱ्याच्या दारात उभे राहणे होय. एप्रिल २०२१ मध्ये साथीमुळे सरकारने लग्नास पंचवीस माणसे व दोन तास अशी मर्यादा घातली होती. त्या दिवसांत लागलेली लग्ने काही कमी पक्की ठरली नाहीत. जे सक्तीने साधले ते समजुतीने का साधू नये? सायंकाळी सातला आरंभ करावा व ध्वनिवर्धकास दहाची बंदी आहेच, तेव्हा त्यापूर्वी आटोपावे. आरंभी एखाद्या वडील माणसाने विवाह कोणत्या दिवशी व कोणत्या कायद्याने झाला हे चारचौघांत सांगावे, म्हणजे कुजबुजीस जागा उरणार नाही. वधूवरांस व्यासपीठावर मूर्तीप्रमाणे बसवून पाहुण्यांची रांग लावण्यापेक्षा त्यांनीच पंगतीतून फिरून सर्वांची विचारपूस करावी. ताटात मंगळवेढ्याच्या ज्वारीची कडक भाकरी व शेंगदाण्याची चटणी असली, तर यजमानाची अब्रू जात नाही, उलट गावाची शोभा वाढते. आणि 'आहेर स्वीकारला जाणार नाही' हे वाक्य पत्रिकेत छापल्यावर ते पाळावे. मागल्या दाराने पाकिटे घेऊ नयेत.

ऋण काढून सण करणाऱ्या गिरणगावाने अशी कर्जे पिढ्यान् पिढ्या फेडली आहेत. विडी वळणाऱ्या आईने साठविलेले पैसे एका रात्रीच्या रोषणाईत जावे, की मुलीच्या नव्या संसारास लागावे, याचा निर्णय प्रत्येक घराने आपल्याशी करावा. आमचे सांगणे इतकेच, की जेवणावळीचा बेत ठरविण्यास बसाल, त्या दिवशी प्रथम विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत जाऊन या. आचाऱ्यास विसार त्यानंतर द्यावा.