हृदयाचा बोलबाला, धमन्यांची उपेक्षा

रक्ताभिसरणाचा शोध बव्हंशी एका हिशेबातून लागला. रक्त यकृतात तयार होते आणि अवयव ते वापरून संपवतात, हे गेलनचे मत युरोपात सुमारे दीड हजार वर्षे प्रमाण मानले जाई. विल्यम हार्वेने १६२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात साधा गुणाकार मांडला: एका ठोक्यास हृदयातून किती रक्त बाहेर पडते आणि अर्ध्या तासात किती ठोके पडतात? उत्तर शरीरातील एकूण रक्ताहून मोठे आले. एवढे रक्त अन्नातून सतत निर्माण होणे अशक्य. तेव्हा तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. आजच्या मोजमापाप्रमाणे विश्रांतीच्या स्थितीत हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते, आणि प्रौढ माणसाच्या अंगात एकूण रक्तही जवळपास तेवढेच असते.

परंतु हृदय केवळ ढकलते. कोणत्या अवयवाच्या वाट्याला किती जावे, हे ठरवतात त्या बारीक धमन्या. जेवणानंतर आतड्यांकडचा, धावताना स्नायूंकडचा ओघ त्याच वाढवतात. एकोणिसाव्या शतकात प्वाझय या फ्रेंच वैद्याने काचेच्या बारीक नळ्यांवर प्रयोग करून दाखवले, की त्याच दाबाखाली नळीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह निम्मा न होता सोळाव्या हिश्श्यावर येतो. रक्तवाहिनी काही काचेची नळी नव्हे. तरी ती थोडी अरुंद झाली तर बिघडले कोठे, असे म्हणणाऱ्याने हा आकडा ध्यानात ठेवावा.

खुद्द हृदयाचीही यातून सुटका नाही. त्याचे कप्पे रक्ताने भरलेले असले, तरी त्याच्या स्नायूला पोषण मिळते ते त्याच्यावरून जाणाऱ्या दोन धमन्यांतूनच. बँकेतील रोखपालासमोर नोटांच्या थप्प्या असतात, पण त्याचा संसार चालतो पगारावर. तसाच हा प्रकार.

वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, आणि खरा घात येथेच आहे. वर्षानुवर्षे तो धमन्यांच्या भिंती कठीण करतो, हृदयाची डावी भिंत जाड करतो, मूत्रपिंडे निकामी करतो, आणि एके दिवशी पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येतो. मग धावपळ सुरू होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली: साध्या स्टेंटला ७,२६० आणि औषधयुक्त स्टेंटला २९,६०० रुपये. निर्णय योग्यच होता, आणि त्याचा गाजावाजाही झाला. त्याच वर्षी पाच राज्यांतील निवडक जिल्ह्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला. त्यात महाराष्ट्रही होता. ठरीव उपचारपद्धती, गोळ्यांचा अखंड पुरवठा आणि रुग्णांची नोंद, एवढीच त्याची मांडणी. त्याची चर्चा मात्र किती झाली?

खर्चाचे आपले गणित असे उलटे आहे. विमा मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्याचे बिल देतो. रोजच्या गोळीचे पैसे ज्याचे त्याने द्यावेत. गोळी स्वस्त असते हे खरे, पण ती जन्मभर घ्यावी लागते, आणि बरे वाटत असताना मनाने बंद केली जाणारी पहिली वस्तूही तीच. शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या संघटना महागाई भत्त्यासाठी जो नेट लावतात, त्याच्या चौथ्या हिश्श्याने त्यांनी दोन कलमे लावून धरावीत: कामाच्या ठिकाणी वर्षातून निदान एकदा रक्तदाबाची तपासणी, आणि गोळ्यांच्या पावत्यांनाही वैद्यकीय बिलात जागा. दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्यास पाच मिनिटे पुरतात.